चार मतं आणि जबाबदार कोण?

नेरुळ, फेब्रुवारी २०२६

प्रिय बंड्या,

आपल्या नवी मुंबई महापालिकेच्या निवडणुकीचं सविस्तर सांग म्हणालास. फोनवर ते जमणार नाही, तू मध्येच भांडायला लागतोस. म्हणून पत्र.

१५ जानेवारीला एकदाचं मतदान झालं. आधीच्या नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये संपली, तेव्हा करोना होता, ते समजू शकतो. पण पुढे लोकसभा झाली, विधानसभा झाली, पालिकेचा मुहूर्त काही निघेना. इतकी वर्षं आयुक्तच प्रशासक. अंदाजपत्रक मांडायचं त्यांनी आणि मंजूरही त्यांनीच करायचं! माजी मंडळी मात्र वाढदिवसाच्या बॅनरवर हसत होती. आपल्यावाचून लोकांचं अडलंय अशी त्यांची ठाम समजूत. आमच्या सोसायटीत खरं तर कुणाला त्यांची आठवणही होत नव्हती, आणि मला काळजी वाटते ती याचीच.

तुला ऑक्टोबर २०१६ आठवतो? तुकाराम मुंढे आयुक्त होते आणि त्यांच्यावर अविश्वास ठराव आला. १११ च्या सभागृहात १०४ मतं ठरावाच्या बाजूनं, विरोधात फक्त भाजपची सहा. एरवी गटाराच्या ठेक्यावरून एकमेकांची उणीदुणी काढणारे पक्ष त्या दिवशी खांद्याला खांदा लावून बसले. आणि बाहेर आम्ही सेक्टरवाले, म्हणजे सोसायट्यांत राहणारे, मुंढेंच्या बाजूनं रस्त्यावर. तू माझ्याशी महिनाभर नीट बोलला नव्हतास.

तुझा राग बरोबर होता, हे मी तेव्हाही म्हणत होतो. शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी १९७० मध्ये आली, गावांच्या जमिनी गेल्या, त्यातले साडेबारा टक्के भूखंड परत मिळावेत यासाठीसुद्धा शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे १९८४ मध्ये लोकांना गोळ्या झेलाव्या लागल्या. घरातली माणसं वाढली, गावठाण तेवढंच राहिलं. मग मुंढेंनी गरजेपोटी बांधलेल्या घराला कागद दाखवून अनधिकृत म्हणायचं आणि जेसीबी पाठवायचा, हे करावे गावात बसून पाहिलं तर कुणाच्याही डोक्यात तिडीक जाईल. पण त्या १०४ जणांना तुझ्या काकांच्या घराची काळजी होती, असं अजूनही म्हणशील? तसं असतं तर त्या घरांचा प्रश्न आज इतक्या वर्षांनी लोंबकळत राहिला नसता.

सेक्टरमधले लोक मुंढेंच्या मागे का गेले, हे आपल्या नेत्यांना अजून कळलेलं नाही. त्यांना वाटलं, मध्यमवर्गाला कडक साहेब आवडतो. काहींना आवडतोही, खोटं कशाला बोलू. पण ‘वॉक विथ कमिशनर’मध्ये हा माणूस सकाळी बागेत उभा राहायचा, लोक तोंडावर विचारायचे आणि तो तिथल्या तिथे हो किंवा नाही सांगायचा. ‘नाही’सुद्धा चालायचं लोकांना! तेच काम नगरसेवकानं आपल्या वॉर्डात केलं असतं तर साहेबाच्या मागे कोण कशाला गेलं असतं? सरकारनं ठराव लगेच मानला नाही, मार्च २०१७ मध्ये बदली झाली, मुंढे पुण्याला पीएमपीएमएल या बससेवेत गेले, विषय संपला.

आता सुधारणा कोणती आली बघ. २०१५ पर्यंत आपल्याकडे एका वॉर्डाला एक नगरसेवक होता. या वेळी पहिल्यांदाच चार-चार जणांचे प्रभाग. नगरसेवक तेवढेच, १११, पण प्रभाग २८ (एकात तेवढे तिघं). २०११ च्या जनगणनेत शहर अकरा लाखांच्या वर होतं. म्हणजे पूर्वी दहा हजारांमागे एक माणूस, आता चाळीस हजारांमागे चौघं. गणित तेच म्हणशील, पण ते कागदावर. खाडीपलीकडे मुंबईत २२७ वॉर्ड, प्रत्येकाला एकच नगरसेवक. तिथे चालतं ते इथे का चालू नये, याचं उत्तर प्रचारात एकानंही दिलं नाही. मला विचारशील तर कारण उघड आहे. पॅनेलमध्ये एक वजनदार उमेदवार आणि त्याच्या पदराला धरून तीन हलके. गल्लीत काम केलेल्या अपक्षानं चाळीस हजारांपर्यंत पोचायचं कसं?

मतदान केंद्रावर अ, ब, क, ड करत चार बटणं दाबताना म्हातारी माणसं गोंधळली. निकालानंतर आमचे सेक्रेटरी तुंबलेल्या ड्रेनेजचा अर्ज घेऊन निघाले. पहिले म्हणाले, ती बाजू दुसऱ्यांकडे. दुसरे म्हणाले, तसं काही वाटून घेतलेलं नाही, पण तिसऱ्या ताईंना भेटा. ताईंचा फोन त्यांच्या यजमानांनी उचलला.

म्हणून आम्ही काही जण एका जुन्या गोष्टीच्या मागे लागलोय. २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. शेजारशेजारच्या मतदान केंद्रांचा मिळून एक एरिया, त्यातल्या मतदारांची सभा आणि नगरसेवकानं तिथे येऊन बसायचं. गावात ग्रामसभा असते तशी. कायदा झाला, पण सभा काही भरल्या नाहीत. पक्ष कोणताही असो, कुणाला घाई नव्हती. चार नगरसेवक राहणारच असतील तर निदान एका सतरंजीवर चौघांना एकदम बसवता येईल, एवढाच आमचा हिशेब.

आयुक्तांना आणि प्रभागातल्या चौघांना द्यायच्या अर्जाचा मसुदा सोबत पाठवतोय. सेक्टरचा भाग मी लिहिलाय. गावठाणाचा परिच्छेद कोरा ठेवलाय, तो तू लिही. गरजेपोटीच्या घरांचं त्यात काय घालायचं ते काकांना विचारून ठरव. मी लिहिलं तर ते पहिल्या ओळीलाच कागद बाजूला ठेवतील, आणि करावेच्या सह्या नसतील तर हा अर्ज पुन्हा सोसायटीवाल्यांचं रडगाणं ठरेल. शिमग्याला येशील तेव्हा घेऊन ये.

तुझा,
नंदू