मतयंत्राबद्दल शंका आहे, तर केंद्रावर बस

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

मतयंत्रावर तुझा भरवसा नाही, तरी मतदान प्रतिनिधी म्हणून बसायला तयार झालास, हे फार चांगलं केलंस. यंत्र ब्लूटूथने हॅक होतं, असल्या गप्पांत वेळ घालवू नकोस. नजर ठेवायच्या जागा वेगळ्या आहेत.

मतं साठवणाऱ्या कंट्रोल युनिटला पक्ष कळत नाही. कितव्या क्रमांकाचं बटण दाबलं, एवढंच ते नोंदवतं. उमेदवाराचं नाव आणि चिन्ह व्हीव्हीपॅटमध्ये, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रात असतं, आणि तेही उमेदवारांची यादी पक्की झाल्यावर सिम्बॉल लोडिंग युनिट नावाच्या उपकरणातून भरलं जातं. माझ्या मते शंका घ्यायची ती इथे. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात ही युनिटं सीलबंद करून निकालानंतर किमान ४५ दिवस जपून ठेवायला सांगितली. चिन्हं भरतात त्या दिवशी तुमच्या उमेदवाराचा माणूस तिथे असलाच पाहिजे, प्रचार कितीही जोरात असो.

केंद्रावर मतदानाच्या दीड तास आधी पोच. अभिरूप मतदानात, म्हणजे यंत्र तपासायच्या चाचणी मतदानात, किमान ५० मतं टाकतात, नोटासकट प्रत्येकाला. कुणाला किती पडली ते स्वतः कागदावर लिहीत जा. यंत्राचा निकाल, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या आणि तुझा कागद, तिन्ही जुळले पाहिजेत. घोळ होतो तो यानंतर. घाईत चाचणीची मतं पुसणारं ‘क्लिअर’ बटण दाबायचं राहतं, नाहीतर यंत्र कोरं होतं पण चिठ्ठ्या पेटीतच राहतात, आणि मोजणीला ५० चा फरक निघतो. म्हणून ‘टोटल’ शून्य आणि पेटी रिकामी, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करू नकोस. त्या चिठ्ठ्यांच्या मागे शिक्का मारून काळ्या लिफाफ्यात सील करतात. तेही होताना बघ. बटणांचं बॅलट युनिट, कंट्रोल युनिट आणि व्हीव्हीपॅट, या तिन्हींचे आणि सीलचे क्रमांक उतरवून घे.

संध्याकाळी नमुना १७-सीची, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत हातात पडल्याशिवाय उठू नकोस. ती मागणं हा तुझा हक्क आहे.

पडताळणी अपुरी आहे ही तुझी तक्रार मात्र मला शंभर टक्के पटते. दर विधानसभा मतदारसंघात चिठ्ठ्या मोजतात त्या फक्त ५ केंद्रांच्या. समज, ३०० केंद्रं आहेत आणि ६ यंत्रांत दोष आहे. सोडत काढून ५ केंद्रं निवडली, तर त्यातलं एकही सदोष यंत्र हाती न लागण्याची शक्यता सुमारे ९० टक्के. राज्यभराची बेरीज धरली तर ही तपासणी दमदार वाटते, पण चुरशीच्या एका मतदारसंघाला तिचा आधार तुटपुंजा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५ टक्के यंत्रांची तपासणी मागता येते, पण निकालानंतर ७ दिवसांत आणि स्वखर्चाने.

मोजणीला १७-सीच्या प्रती टेबलागणिक वाटून द्या. यंत्राची एकूण मतं त्यातल्या आकड्याशी जुळली नाहीत, तर तिथल्या तिथे लेखी हरकत घ्या. निवडणूक नियमांतल्या नियम ५६-डी खाली कुठल्याही केंद्राच्या चिठ्ठ्या मोजायची लेखी मागणी करता येते. निवडणूक निर्णय अधिकारी ती फेटाळू शकतो, पण कारण लेखी द्यावं लागतं. आणि मोजणीत फरक निघालाच तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरतात. अर्ज मात्र आकडे वाचून दाखवल्यावर, निकाल जाहीर होण्याआधी द्यायचा. मधे वेळ फार थोडा मिळतो, तेव्हा मजकूर आधीच लिहून खिशात ठेव, फक्त केंद्र क्रमांक भरायचा राहू दे.

तुझा,
अविनाश