संध्याकाळच्या अभ्यासवर्गासाठी मदतीचे आवाहन

प्रिय धर्मग्रामस्थ बंधूभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

ज्यांच्या नावाने आपला वर्ग चालतो, त्या संत जॉन बॉस्को यांच्या कार्याची सुरुवात गवंडीकाम करणाऱ्या एका पोरक्या मुलापासून झाली. ८ डिसेंबर १८४१ रोजी इटलीतील तुरीनमधील चर्चच्या सॅक्रिस्टीत (धर्मगुरूंच्या तयारीच्या खोलीत) हा मुलगा, बार्तोलोमेओ गारेल्ली, शिरला, तेव्हा मिस्साची (उपासनेची) सेवा येत नाही म्हणून तेथील सेवकाने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावले आणि त्याच दिवशी शिकवायला घेतले. पुढे १८४६ मध्ये वाल्दोक्को येथे पिनार्दी यांची शेड भाड्याने मिळाली. त्याच वर्षी गाव सोडून त्यांच्या मदतीला आलेल्या त्यांच्या आईने, मार्गारिता माउलीने, मिस्साच्या वस्त्रांच्या सजावटीसाठी आपली सोन्याची साखळी व अंगठ्या विकल्या.

अशी माणसे वसईतही आहेत. वर्गाच्या पहिल्या वर्षी एका आजींनी रुमालात बांधलेली पाटली फादरांच्या हाती ठेवली आणि "नाव लिहू नका" असे बजावले. आजची बाके त्या पाटलीची आहेत. एक बागायतदार दर शनिवारी न चुकता केळीचा लोंगर पाठवतात, तर दोन निवृत्त बाई गुडघे दुखत असतानाही जिना चढून पाढे घेतात. या सर्वांचे मंडळ ऋणी आहे.

गेल्या वर्षी मात्र आम्ही देणगीसाठी ३०० पाकिटे वाटली, त्यांपैकी ३८ परत आली, आणि त्यांतही काही रिकामी होती. "ही आपली मुले नव्हेत," असे काहींनी बोलून दाखवले, ते मनाला लागले. आपल्याच वाड्या विकून उभ्या राहिलेल्या इमारतींवर या मुलांचे आईवडील बिगारी करतात. सॅक्रिस्टीतल्या त्या सेवकालाही बहुधा असेच वाटले असावे.

वर्ग भरतो त्या पडवीचा पत्रा फाटला आहे. पहिल्या पावसात एक मुलगी सिमेंटच्या रिकाम्या गोणीत दप्तर गुंडाळून आली होती. वर्गात बसल्यावरही तिला ती गोणी सोडता आली नाही. पत्रे, वह्या आणि परीक्षा शुल्क मिळून ८५,००० रुपये लागतील. रोख रक्कम रविवारच्या दोन्ही मिस्सांनंतर कार्यालयात द्यावी, धनादेश मंडळाच्या नावे काढावा, पावती अवश्य मागून घ्यावी. करसवलत मिळणार नाही. पत्रे बसवणारा १५ मेनंतर पावसाळ्याआधी मोकळा नाही, म्हणून रक्कम त्या तारखेपर्यंत पोहोचावी.

आपला नम्र,
चिटणीस