शिकवणाऱ्या सिस्टरांचे आभार

ऐरोलीहून आईला घेऊन इमर्जन्सीत पोचलो तेव्हा ती स्वतःच म्हणत होती, "अगं, पित्त झालंय नुसतं." मळमळ, दरदरून घाम, जबड्यात कळ, छातीत मात्र काहीच नाही. दाराशी असलेल्या तरुण सिस्टरने मधुमेह आहे का, घाम कधीपासून येतोय, एवढंच विचारलं आणि थेट आत घेतलं. केसपेपर नंतर. 10 मिनिटांच्या आत ईसीजी झाला. हार्ट अटॅकच होता.

तिचे आभार मानायला गेले तर म्हणाली, "आमच्या मॅडमनी घोटून घेतलंय." मग त्या मॅडमही दिसल्या. त्यांच्याकडे पेशंट नसतात, नर्स असतात. ड्यूटी बदलताना क्रॅश कार्टपाशी (तातडीची औषधं आणि हृदयाला शॉक द्यायचं यंत्र, म्हणजे डिफिब्रिलेटर, ठेवलेली ट्रॉली) पोरींना उभं करून विचारत होत्या: ॲड्रेनलिन कुठल्या खणात? डिफिब्रिलेटर आज कोणी तपासला? मग मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, सीपीआर (हृदय थांबलं तर छाती दाबत राहणं). मिनिटाला 100 ते 120 दाब, निदान 5 सेंटिमीटर खोल, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. एकीचे हात कोपरात वाकत होते. मॅडम ओरडल्या नाहीत, हाताने तिची कोपरं सरळ केली.

मधुमेह असला, त्यातही बाईमाणूस असलं, तर छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो. मला हे तेव्हा कळलं. त्या पोरींना आधीच शिकवलेलं होतं. बिलात या शिकवण्याची ओळ नव्हती (बाकी सगळ्याची होती!).

मॅडम, तुमचं नाव विचारायचं भान नव्हतं. तुमचे, त्या सिस्टरचे आणि रबाळ्याला गाडीला वाट करून देणाऱ्या रिक्षावाल्या दादांचेही मनापासून आभार. आई घरी आलीय आणि पथ्यावरून माझ्याशी भांडतेय.