वजन चाललंय

आशाताई,

तुमचं नाव लिहीत नाही. "माझं नाव कशाला, आणखी चार कामं मागं लागतील," असं तुम्हीच म्हणालात. तसंही गावात तुम्हाला दुसऱ्या नावानं हाक मारतंय कोण?

परवा पोरगी दोन वर्षांची झाली. पाहुणे गेल्यावर भांडी आवरताना हातातून ताट निसटलं, फरशीवर गरगरत राहिलं, आणि मी ते नुसतं उचलून ठेवलं. मग लक्षात आलं, की आपल्याला काहीच झालं नाही. तिथंच ओट्याला टेकून रडले. नवऱ्याला वाटलं, हात कापला. हे पत्र त्या ताटामुळं.

तुम्ही आलात तो चौदावा दिवस होता. बाराव्याला बारसं झालं होतं. साठ-सत्तर माणसं जेवून गेली. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं, आत्यानं कानात नाव सांगितलं, पाठीत धपाटे खाल्ले. मी नवी साडी नेसून, कान बांधून कोपऱ्यात. येणारी प्रत्येक बाई पाळण्याकडं जायची आणि निघताना माझ्याकडं बघून म्हणायची, "पहिली बेटी, धनाची पेटी." हे कोण कौतुकानं म्हणतंय आणि कोण सांत्वनाला, ते बाळंतिणीला बरोबर कळतं.

बाळंत झाल्यापासून मी सलग तासभरही झोपले नव्हते. पोरगी झोपली तरी नाही. डोळे मिटले की ती खोली यायची.

दवाखान्याचं नाव घेत नाही. कळा सोसेनात म्हणून ओरडले, तर सिस्टरनं मांडीवर चापट मारली. "नवऱ्याजवळ जाताना ओरडली नाहीस ती?" बाळ झालं, पण रक्त थांबेना. कुणीतरी न सांगता, न विचारता आत हात घातला. स्टीलच्या ट्रेमध्ये एकेक हत्यार पडल्याचा आवाज, आणि माझ्या डोक्यावरून दोघांचं बोलणं: "पेशंट गेली तर नातेवाईक तमाशा करतील." पेशंट म्हणजे मी, आणि मला सगळं ऐकू येत होतं. त्यांनी जीव वाचवला, ते नाकारत नाही. जीव वाचवताना "आता दुखेल हं" एवढं म्हणायला किती वेळ लागतो, हे मात्र मला अजून विचारायचंय.

त्याच खोलीत एक आया मावशी होत्या, हेही लिहिलं पाहिजे. सगळं आटोपल्यावर त्यांनी कोमट पाण्यात फडकं पिळून माझ्या पायांवरचं रक्त पुसलं, अगदी बोटांच्या बेचक्यांतलं. ते काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बऱ्याच मोठ्या पदव्यांच्या माणसांत जे सापडलं नाही, ते मला त्या बाईच्या फडक्यात सापडलं. चांगली माणसं कुठं असतील याचा आपला अंदाज नेहमी चुकतो, असं मला वाटायला लागलंय.

घरी आले आणि स्वयंपाकघरात ताट-वाटी वाजली की अंगाला दरदरून घाम फुटायचा. मावशी म्हणाली वारं लागलंय, आणि बाजेखालची धुरी वाढवली. सासूबाई फोनवर म्हणायच्या, "ओल्या बाळंतिणीनं रडू नये, दूध आटतं." टाके दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरबाईंना धीर करून सांगितलं, की झोप नाही, सारखी भीती वाटते. "सगळ्याच बायकांना होतं. बाळाकडं बघा, मन रमवा." आणि पुढच्या नंबराला हाक. सुरुवातीचे काही दिवस उगाच रडू येणं बहुतेकींना होतंच, आणि दोनेक आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. पण माझं ओसरत नव्हतं, चढत होतं. ते ऐकून घ्यायला त्यांच्याकडं दोन मिनिटं नव्हती.

मग तुम्ही. पोरीला झोळीत घालून काट्याला लटकवलंत, ताप बघितलात, घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट तिचे श्वास मोजलेत. मग माझे रकाने: दिवसात पोटभर किती वेळा जेवतेस, पॅड किती बदलतेस. मी उत्तरं देत होते आणि आत वाटी पडली. मी काय केलं मला आठवत नाही. तुमचं पेन थांबलेलं आठवतं.

"कवापासनं?"

"तिथनं आल्यापासनं."

झोपेचा रकाना काही त्या कागदावर मला दिसला नव्हता. तुम्ही कागद मिटलात, उठलात, दाराला आतून कडी घातलीत. पोरीला मांडीवर घेऊन, दाराला पाठ लावून फरशीवर बसलात. "झोप. मी हाय."

थोड्या वेळानं काकूनं दार वाजवलं. काय चाललंय आत?

"वजन चाललंय."

पुन्हा थाप. अजून?

"काटा हलतोय काकू, परत करती."

तिसऱ्यांदा काकू वैतागून म्हणाली, एवढं काय वजन आहे का पोरीचं? तर तुम्ही शांतपणे, "पाय मारतीया." मी अर्धवट झोपेत ऐकलं आणि हसले. चौदा दिवसांत पहिल्यांदा. मग कधी डोळा लागला ते कळलं नाही. उठले तेव्हा खिडकीतलं ऊन बाजेवरून भिंतीवर गेलं होतं. तुम्ही तशाच दाराला पाठ लावून. उठताना पाय आखडला म्हणून चौकट धरावी लागली तुम्हाला.

नंतर मी हिशोब केला. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी तुमच्या सहा फेऱ्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. सहाही पुऱ्या केल्या की मिळून २५० रुपये. म्हणजे त्या दुपारचे बेचाळीससुद्धा नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्यभरातल्या आशाताई मुंबईत आझाद मैदानावर आंदोलनाला बसल्या होत्या, तेव्हा टीव्ही बघत आमच्या घरात कुणीतरी म्हणालं, "यांचं रोजचंच." मीही तिथंच होते आणि गप्प बसले. त्याची लाज वाटते.

घरोघर जाऊन बाळ तपासायची ही रीत मूळ गडचिरोलीची. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गावातल्या बायकांना शिकवून ती उभी केली आणि मग ती देशभर गेली. तान्ही बाळं दगावू नयेत म्हणून ती आली, आणि त्यानं कितीतरी बाळं वाचली. पण आईचं मन त्या कागदात अजून नीट मावलेलं नाही. ते तुमच्यासारख्या बायका पदरचं घालून भरतात.

पुढचं फार सांगत नाही. तुम्ही मला आणि आईला घेऊन जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेलात. तिथं दहा प्रश्नांचा कागद दिला. दहावा प्रश्न स्वतःच्या जिवाचं काही करावंसं वाटतं का, असा. मी त्यावर आले तेव्हा तुम्ही मुद्दाम खिडकीबाहेर बघत होतात. म्हणून खरं लिहिता आलं. गोळ्या, बोलणं, बरेच महिने. पुढं वाचनात आलं, की गोव्यातल्या बाळंतिणींचा अभ्यास २००२ साली छापून आला होता. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी १०० पैकी २३ जणींना नैराश्य होतं, आणि मुलगी झालेल्यांना धोका जास्त. बारशाच्या दिवशीचं ते 'धनाची पेटी' मला एकदम आठवलं.

काकूला अजून खरं माहीत नाही. तिला वाटतं, आशाताईंचा काटाच खराब होता. सरकारी सामान असंच, म्हणते.

आणि आमच्याकडं आता ते वाक्य रुळलंय. रविवारी दुपारी मी दार लोटून आडवी झाले, की नवरा पोरीला घेऊन बाहेरच्या खोलीत बसतो. कुणी आलं, मला विचारलं, की तोंडावरची रेष न हलवता सांगतो, "वजन चाललंय."

तुमची,
खालच्या आळीतली पोरगी