काका, त्या खाचेबद्दल आभार

काका,
सप्रेम नमस्कार.

प्रबंधाच्या शेवटच्या पानावर, "थिन सेक्शन करून देणाऱ्यांचे आभार" अशा एका ओळीत तुम्ही आला आहात. थिन सेक्शन म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघण्यासाठी दगडाचा पातळ घासून काचेवर चिकटवलेला काप; तो करणारे तुम्ही. ती ओळ कोणी वाचत नाही. शिवाय झालेली गोष्ट त्या ओळीत मावणारी नाही, म्हणून हे उघड पत्र.

तो गार्नेटचा शिस्ट, गार्नेट या खनिजाचे दाणे असलेला पापुद्र्यांचा खडक, आठवतो? हिमालयातल्या मेन सेंट्रल थ्रस्टच्या, म्हणजे जिथे एक खडक दुसऱ्यावर सरकत गेला त्या, पट्ट्यातून आणलेला, मुठीएवढा, अभ्रकाने चमचमणारा दगड. मी तो तुमच्या टेबलावर ठेवला, पेन्सिलीने एक रेघ मारली आणि म्हणाले, "इथून कापा." तुम्ही तो नळाखाली धरलात, अंगठ्याने चोळलात, खिडकीच्या उजेडात तिरका केलात आणि विचारलंत, "यावरच्या रेघा कुठल्या दिशेला आहेत, पाहिलंस?" मला तोवर फक्त पापुद्रे दिसले होते. ओल्या पापुद्र्यावर अभ्रकाच्या पट्ट्या आणि कायनाइट या खनिजाच्या निळसर काड्या सगळ्या एकाच बाजूला निजल्या होत्या. खडक ज्या दिशेला ताणला गेला, ती दिशा. मी घाईत होते. "चालेल हो कसाही," म्हणाले.

नाही चालला. त्या स्लाइडमध्ये गार्नेट म्हणजे आत ठिपके असलेले नुसते गोळे. मी परत आले तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. उरलेला अर्धा तुकडा घेतलात आणि पापुद्र्यांना काटकोनात, रेघांना समांतर कापलात. शिस्टचे पापुद्रे सुटतात म्हणून आधी एपॉक्सी मुरवलंत. मग कार्बोरंडमच्या भुकटीवर घासत राहिलात, मध्येच मायक्रोस्कोपखाली धरून क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीच्या खनिजाचा, रंग बघत. "पिवळा म्हणजे अजून जाड. राखाडी झाला की थांबायचं." जाडी ०.०३ मिलिमीटर. मी एकदा स्वतः करून पाहिलं, तर स्लाइडवर नुसता चिकट डाग उरला.

नव्या स्लाइडमध्ये गार्नेटच्या पोटात गुंडाळी होती! क्वार्ट्झ आणि इल्मेनाइट या खनिजांच्या बारीक कणांची रांग एका बाजूने आत शिरते, मध्यावर वळते आणि उलट्या बाजूने बाहेर पडते. हे गार्नेट वितळलेल्या रसातून तयार झालेलं नाही. खडक पूर्ण घन असताना, ५०० अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानाला, शेजारच्या क्लोराइट आणि अभ्रक या खनिजांतलंच लोह आणि अॅल्युमिनियम घेऊन ते हळूहळू वाढलं. वाढताना वाटेत आलेले कण गिळत गेलं, आणि त्याच वेळी भोवतालचा खडक घसरत होता. आधी गिळलेले कण मध्याजवळ, नंतरचे कडेला. मधल्या काळात सगळं वळलेलं. गार्नेट फिरलं की ते जागेवर राहून भोवतीचे पापुद्रे फिरले, यावर आम्हा भूगर्भशास्त्रवाल्यांत अजून भांडणं होतात. तुम्ही मात्र डोळा लावून बघितलंत आणि म्हणालात, "सुपारीसारखं दिसतंय." उपमा मला आवडली, पण प्रबंधात घालता आली नाही.

तुम्ही तेव्हा विचारलं होतंत, इतका दाबला तर खडक भरडला कसा जात नाही. हा प्रश्न तुमच्या धंद्यातलाच आहे. १८८५ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लॅपवर्थ यांनी स्कॉटलंडमधल्या मॉइन थ्रस्टच्या खडकाला "मायलोनाइट" म्हटलं, ते जात्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून. खडक दळला गेलाय असं त्यांना वाटलं. पण पुष्कळसं दळण नसतंच. क्वार्ट्झ साधारण ३०० अंशांच्या वर न तुटता वाहू लागतो, आणि त्याचे ताणलेले मोठे कण मोडून त्याच जागी नवे, बारीक स्फटिक वाढतात. फेल्डस्पार हे खडकातलं दुसरं खनिज त्या तापमानाला अजून हट्टी असतं, तडकतं. त्या भेगांतून गरम पाणी शिरलं की पोटॅश फेल्डस्पारचं अभ्रक आणि क्वार्ट्झ होतं. अभ्रक निसरडं, म्हणून पुढची घसरण तिथेच होते. घसरण झाली की आणखी पाणी शिरतं, आणखी अभ्रक होतं. एवढा मोठा डोंगर सरकतो तो अशा पातळ, स्वतःच मऊ होत गेलेल्या पट्ट्यांवरून.

"यात सोनं असतं का?" हा तुमचा दुसरा प्रश्न. कधीकधी असतं. अशा पट्ट्यांतल्या भेगा अचानक उघडल्या की वर चढणाऱ्या पाण्याचा दाब उतरतो आणि क्वार्ट्झच्या शिरांबरोबर सोनं खाली बसतं. माझ्या दगडात नव्हतं.

आता खाचेविषयी. मी दगडावर मार्करने उत्तरेचा बाण काढला होता. करवतीच्या पाण्यात तो धुऊन जाणार हे माझ्या ध्यानातही आलं नाही. कापण्याआधी तुम्ही बाणाची दिशा बघून ठेवलीत, ती कापलेल्या चकतीच्या कोपऱ्यात खाच पाडून नोंदवलीत आणि स्लाइडच्या काचेवर हिऱ्याच्या पेनाने पुन्हा काढलीत. मला सांगितलंही नाहीत. गार्नेटमागच्या क्वार्ट्झच्या शेपट्या एका बाजूला वाकलेल्या दिसल्या, पण ती बाजू जमिनीवरची कुठली, हे त्या खाचेशिवाय कळलं नसतं. स्लाइड उलटी धरली तर डावं उजवं होतं. खाच होती म्हणून मी लिहू शकले, की वरचा खडक दक्षिणेकडे सरकला. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न नेमका हाच आला: दिशा कशावरून ठरवली? मी स्लाइड पुढे केली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

पुढच्या महिन्यात आणखी सात दगड घेऊन येते आहे. बाण या वेळी ऑइलपेंटने काढलेत, आणि रेघांच्या दिशेने खडूने खूण केली आहे. तरी एकदा नळाखाली धरून बघाच.

तुमची,
घाईत असलेली विद्यार्थिनी