‘मजुरी खर्च’ या एका खात्याने भागणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२७च्या सिंहस्थामुळे नाशिकच्या मंडप, फॅब्रिकेशन, फर्निचरवाल्यांना कामापुरती बाहेरची माणसे लागतील. त्यांना दिलेले पैसे बहुतेक ठिकाणी ‘मजुरी खर्च’ या एकाच खात्यावर पडतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा प्राप्तिकर) कापायचा का, हे त्या त्या माणसाच्या वर्षभराच्या बेरजेवर ठरते. एकत्र खात्यातून ती बेरीज निघत नाही. प्रत्येकाचे खाते वेगळे हवे, मग तो एकदाच येणारा पॉलिशवाला का असेना.

भागीदारी संस्थेला, तसेच आदल्या वर्षी एक कोटीहून जास्त उलाढाल असलेल्या एकट्या मालकाला टीडीएस लागू होतो. वेल्डिंग, पॉलिशसारख्या ठेक्याच्या कामात एक बिल ३० हजारांवर किंवा वर्षाची बेरीज एक लाखावर गेली की १ टक्का. इंटिरियर डिझायनरसारख्या व्यावसायिकाला वर्षात ५० हजारांवर १० टक्के, तोही आधीच्या रकमेसकट. ४८ हजार देऊन झाले आणि पुढचे बिल ६ हजारांचे आले, तर ५४ हजारांवर ५,४०० कापले जातात; डिझायनरच्या हातात ६०० पडतात. मर्यादा जवळ आली की त्याला आधीच सांगावे. पॅन नसेल तर कपात थेट २० टक्के, म्हणून पॅन कामाआधी घ्यावा, बिलाच्या दिवशी नव्हे.

सर्वांत जास्त भांडणे उचलीवरून होतात. दोन हजारांची उचल कुठल्यातरी चिठ्ठीवर राहते आणि हिशेबाला दोनदा वळती होते किंवा होतच नाही. व्हाउचर असे लिहावे : क्रमांक, तारीख, नाव, पॅन, ‘वॉर्डरोब पॉलिश, १२० चौरस फूट, दर ६५, एकूण ७,८००, उचल वजा २,०००, देणे ५,८००’. यूपीआयने दिले तर व्यवहार क्रमांक लिहावा, आणि पैसे धंद्याच्या खात्यातूनच द्यावेत. मालकाच्या घरच्या फोनवरून गेलेली रक्कम वहीत येतच नाही. पाच हजारांवर रोख असल्यास एक रुपयाच्या रेव्हेन्यू तिकिटावर सही घ्यावी. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिल्यास तो खर्च प्राप्तिकरात धरला जात नाही. त्याच दिवशी दोन व्हाउचर फाडून उपयोग नाही.

कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरावाच (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत). तिमाही विवरणपत्र राहिले तर रोज २०० रुपये विलंब शुल्क, आणि कारागिराच्या नावावर ती रक्कम दिसतच नाही. त्याचा परतावा अडकतो. हा त्याच्या घामाचा पैसा आहे, आपल्या आळसापायी तो अडकवणे अन्यायाचे आहे.

व्यापारी संघटनांनी व्हाउचरचा मराठी नमुना छापून सभासदांना द्यावा, अशी विनंती आहे. त्यात उचलीचा रकाना मात्र विसरू नये.

– एक हिशेबनीस, सातपूर, नाशिक