विळीला आणि आईला दोष कशाला?

महोदय,
तासगाव तालुक्यात मी अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडे डाऊन सिंड्रोम असलेली एक मुलगी येते. आल्या आल्या सगळ्यांच्या चपला जोडीने लावून ठेवते. तिच्या आईला मात्र सासरी अजून ऐकावं लागतं, ‘ग्रहणात विळीवर भाजी चिरलीस, म्हणून पोर अशी झाली.’ ऐकून जीव तुटतो.

विळीचा यात काडीचाही संबंध नाही. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे आनुवंशिक गुण वाहून नेणारे धागे, असतात, बीजात निम्मी म्हणजे २३ जायची. बीज तयार होताना कधी एखादी जोडी सुटतच नाही, आणि बाळात २१ क्रमांकाची गुणसूत्रे दोनऐवजी तीन होतात; हाच डाऊन सिंड्रोम. फ्रेंच संशोधकांनी हे १९५९ मध्येच दाखवून दिलं. बहुतेकदा हे स्त्रीबीजात घडतं, आईच्या वयाबरोबर शक्यता वाढते. पण विशीतल्या आईच्या बाबतीतही घडतं, क्वचित बापाच्या बीजातही. थोड्या मुलांत २१ व्या गुणसूत्राचा जादा भाग दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो. तो आई-बापापैकी कुणाकडूनही आलेला असू शकतो, म्हणून अशा वेळी नवऱ्याचीही गुणसूत्र तपासणी हवी.

आरोग्य खात्याला कळकळीची विनंती : गरोदर मातांच्या बैठकीला सासू आणि नवऱ्यालाही बोलवा, आणि हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकवा.

– एक अंगणवाडी सेविका, ता. तासगाव, जि. सांगली